जुन्या गाडीचा नवा क्लच

धाकटीला थोरलीचे पुष्कळ आशीर्वाद.

मी बरी आहे, जेवण जातं. तू उठून बसतेस का गं आता?

नातवाने शर्यतीची म्हणतात तसली गाडी घेतली, कुणीतरी वापरून काढलेली. इतकी बुटकी, की बसायचं म्हणजे जमिनीवर फतकल मारायची. मिळाली स्वस्तात, पण खाणं हत्तीचं. आधी टायर, मग विमा, आता क्लच. त्या क्लचमध्ये माझ्या परतीच्या विमानाच्या तिकिटाचे पैसे गेले. मला रागसुद्धा आला नाही.

हे पत्र तोच लिहितोय. "आजी, हे नको ना सांगू," म्हणतो. म्हटलं, "मुकाट्याने लिही आणि अक्षर नीट काढ."

गाडी फार जोरात पळते म्हणे. तुझ्यापर्यंत मात्र येत नाही, मधे समुद्र ना. तिकिटाचं जमलं की निघतेच. तोवर थांब गं माझ्यासाठी.

तुझीच,
थोरली