फ्लडबाबांचं मत

सेंट हेलेना बेट,
८ फेब्रुवारी १८७१

चि. अ‍ॅब्रामला टेंपीताईचे पोटभर आशीर्वाद,

रविवारी तोंडं झाकलेले तिघे गोरे घोडेस्वार दारात आले. तू महिनाअखेरपर्यंत आमदारकी सोडली नाहीस तर घर जाळू, म्हणाले. आई चुलीवर भेंडीचं कालवण ढवळत होती. ती पळी घेऊनच बाहेर गेली. म्हणाली, तो राजधानीत, कोलंबियाला कामावर आहे, तुमचं काय ते त्याच्याशी बोला. आणि बाईमाणसाशी बोलताना टोप्या काढायच्या असतात. एकानं खरंच काढली, मग ओशाळून परत घातली.

आईला काही नाही. मला मात्र घास गोड लागत नाही. गुलामीच्या दिवसांत मळ्यावरचा हंस फिसकारला की माझ्या झग्याआड लपणारा तू, आता कायदे करतोस. आमदारकी सोडून ये म्हणू की नको, तूच सांग. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
टेंपी


कोलंबिया,
२० फेब्रुवारी १८७१

ती. टेंपीताईस अ‍ॅब्रामचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि राजीनामा द्यायचं ठरवूनच सभागृहात गेलो. आपल्या बेटांवर शाळा बांधायचं विधेयक त्याच दिवशी मताला होतं. आपल्या बाजूचे दोघे सभासद धमक्यांना भिऊन आलेच नव्हते.

तेवढ्यात दार उघडलं. डोंगराकडचे सभासद, म्हातारे उपदेशक केटो फ्लड, बरोबरच्या दोन माणसांच्या आधारानं आत आले. वाटेत त्यांना गोळी घातली होती. कोटाची बाही रक्तानं ताठ झालेली. सभापती म्हणाले, बसूनच मत द्या. फ्लडबाबा म्हणाले की जन्मभर आपली मोजदाद बैलांबरोबर झाली. आज नाव घेऊन मत विचारताहेत, तर उत्तर उभ्यानं देणार. आणि ताई, नाव पुकारेपर्यंत ते उभे राहिले. त्यांचा होकार शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आला.

त्यानंतर माझं नाव आलं. मीही होकार दिला, उभ्यानं. एका मतानं विधेयक तरलं.

डॉक्टर म्हणतात, हात कामातून गेला. फ्लडबाबांना संध्याकाळी भेटलो तर विचारत होते, उद्या कुठलं विधेयक आहे. त्या माणसासमोर राजीनाम्याचा शब्द माझ्या तोंडून कसा निघावा? पण घर तुमचं जळेल, माझं नाही. आईला विचारून कळव. ती म्हणेल ते करीन.

तुझा धाकटा,
अ‍ॅब्राम


सेंट हेलेना बेट,
२ मार्च १८७१

चि. अ‍ॅब्रामला टेंपीताईचे आशीर्वाद, आणि आता थोडा मानही.

तुझं पत्र प्रार्थनाघरात मोठ्यानं वाचलं. मग शेजारचा म्हातारा क्वाश उठला आणि आमच्या ओसरीवर येऊन बसला. त्याच्यामागे सगळी वस्ती आली. बायकांनी भाताची पातेली आणली, पोरं तिथंच झोपली.

परवा ते घोडेस्वार आले. कुणी काठीसुद्धा उगारली नाही, नुसते सगळे उठून उभे राहिले. ते बराच वेळ बघत राहिले, मग घोडे वळवून गेले. परत येतीलही. ओसरी रिकामी नसेल.

आईला तुझा प्रश्न विचारला. ती म्हणाली, फ्लडबाबांचा एक हात गेलाय, उद्यापासून त्यांच्या शेजारी बस आणि त्यांच्या विधेयकांची पानं उलटून दे.

तुझी,
टेंपी