एकोणीस वेळा नको

३ जून

चि. धाकटीस, अ. उ. आ.

तुमच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला यंत्र येणार आणि महिनाअखेरीस तुला निरोप मिळणार, हे वाचून वाईट वाटलं. पण हातावर हात ठेवून बसणारा तुझा भाऊ नव्हे. माझ्या शाळूसोबत्याचं औषधांचं गोदाम आहे, तिथे देखरेखीची जागा रिकामी होती. तुझ्या वतीने मी होकार देऊन टाकला. पंचवीस तारखेला येऊन त्याला नुसतं भेटायचं आहे. लहानपणी तुझे सगळे अर्ज मीच भरायचो, हाही भरला असं समज. वहिनी ठीक, माझी कंबर नेहमीसारखी.

जीव लावून आहोत, तूही लाव.
तुझा दादा

९ जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि संताप आला. मी एकोणचाळीस वर्षांची आहे. होकार माझा, तो मला न विचारता कसा दिलास?

काल मी स्वतःच एक अर्ज भरायला घेतला होता. कोणत्या प्रकारचं काम हवं, या रकान्यापाशी अडले. मग कागद उलटा करून सुचेल ते लिहीत गेले. गोंगाट नको, रात्रपाळी नको, दिवसभर उभं राहणं नको. मोजलं तर एकोणीस वेळा नको, आणि हवं असं एकही नाही. अठरा वर्षं उजेडासमोरून जाणाऱ्या बाटल्यांतली खराब तेवढी मी बाजूला काढत आले. चांगलीला हात लावावाच लागत नाही, ती आपसूक पुढे जाते. खोट मला लांबून दिसते. हवं ते ओळखायची सवयच राहिली नाही, याची भीती वाटते. नोकरी शोधण्याआधी मला हे शोधायचंय. तेवढा वेळ दे.

रागावले तरी तुझीच आहे, हे विसरू नकोस.
धाकटी

१५ जून

चि. धाकटीस, अ. उ. आ.

तुला काय हवं ते शोधेपर्यंत जागा कुणी झाकून ठेवत नाही. मित्र रोज विचारतो. मी शब्द दिलाय, तो गेला तर त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू? तू एकटी राहणारी, कमावणारीही तूच, चाळिशी दारात. अशा वेळी आवडीनिवडीचे चोचले परवडत नाहीत. पहिली मिळेल ती धरावी, मग हळूहळू सवय होते. वहिनीचं म्हणणं, तिला दम घेऊ द्या. तुम्ही दोघी कायम एका बाजूला. पंचवीसला येच.

कडू लिहिलंय, पण मायेनंच लिहिलंय, तसंच वाच.
दादा

२२ जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

मी येत नाही. आधी शांतपणे वाच.

सोमवारी एकापाठोपाठ एक बाटल्यांच्या मानेवर बारीक कंगोरा यायला लागला. नियमाप्रमाणे बाजूला काढायच्या आणि वहीत नोंदवायच्या. मी त्यातली एक उचलली आणि खाली साच्यांच्या खोलीत गेले. मिस्त्रींनी साचा उघडून दाखवला, एक कड झिजली होती. तिथे धातूचा भराव टाकून ती परत घासायची होती. मी म्हटलं, मला घासू द्या. पर्यवेक्षक शोधत आले तेव्हा दोन तास होऊन गेले होते आणि चहाची सुट्टीही हुकली होती. दादा, अठरा वर्षांत माझी ती सुट्टी कधी हुकली नव्हती.

मला साचे दुरुस्त करायचेत. मिस्त्रींनी एका कार्यशाळेचा पत्ता दिला, तिथे शिकाऊ घेतात. बाकीचे माझ्या निम्म्या वयाचे असतील, पगारही कमी. काल अर्ज टाकला. घेतीलच असं नाही. तुझ्या मित्रालाही पत्र लिहिलंय, की होकार माझा नव्हता. त्याचा तुला त्रास होणार, त्याबद्दल माफ कर.

बोलणं सोडू नकोस, बाकी काहीही सोसेन.
धाकटी

३० जून

चि. धाकटीस, अ. उ. आ.

मित्राने जागा दुसऱ्याला दिली. माझ्याशी तुटक बोलला, पण बोलला. शब्द गेला म्हणून मी चिडलो होतो अशी माझीच समजूत होती. ते खरं नव्हतं.

परवा मीही तुझ्यासारखा कागद घेऊन बसलो. विमा कचेरीत मला सव्वीस वर्षं झाली. नको असं काही सुचेना आणि हवं असंही नाही. कागद कोराच. वहिनीनं काय लिहिताय म्हणून विचारलं, तर धाकटीला पत्र लिहितोय असं खोटं सांगितलं. बाबा आजारी होते, तुझं शिक्षण व्हायचं होतं, म्हणून पहिली मिळाली ती नोकरी धरली. त्याचं दुःख नाही. पण तू थांबलीस आणि मला तुझा हेवा वाटला. सख्ख्या बहिणीचा. हे एवढं वाक्य लिहायला दोन दिवस लागले.

कार्यशाळेने नाही म्हटलं तर हातात येईल ते धरू नकोस. आमची मागची खोली रिकामी आहे, दुसरी कार्यशाळा मिळेपर्यंत येऊन राहा. आणि आलीस की एकदा मला समोर बसव आणि विचार, दादा, तुला काय व्हायचं होतं. मी टाळेन. तू उठू नकोस.

माया आहे तशीच आहे, तुझी थोडी जास्त लागेल.
दादा