मागच्या खोलीचं तापमान

सोमवार, ४ नोव्हेंबर

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मला चक्क स्वतःची खोली मिळाली! खिडकीला पडदा, टेबलाला कुलूप लागणारा खण आणि शेजारच्या काचेच्या कपाटात घोंघावणारा सर्व्हर. कॉम्प्युटर खात्यात मी एकटीच. साहेबही मीच, शिपाईही मीच. घरी येऊन आईला सांगितलं, तर म्हणाली की मग रजेचा अर्ज तरी पटकन मंजूर होईल.

कंपनी औषधं साठवते. मोठमोठ्या कोल्ड रूम, त्यांत लशी आणि इन्सुलिनची खोकी छतापर्यंत रचलेली. कॉम्प्रेसर बंद पडला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर बाटल्या दिसायला तशाच राहतात, आतलं औषध मात्र मेलेलं असतं. मागे एकदा तसं झालं होतं, म्हणूनच मला घेतलंय. सध्या बिघाड कसा कळतो, असं मालकांना विचारलं. हसून म्हणाले, कोणीतरी ओरडतं. मी म्हटलं, ओरडायची वेळ येण्याआधी कळायला हवं. सर्व्हर, नेटवर्क, यूपीएसच्या बॅटऱ्या, प्रत्येक खोलीचं तापमान, प्रत्येक दार, सगळ्यावर एका जागी बसून नजर ठेवता आली पाहिजे. एक कोपरा सुटला की बाकीची पाळत फुकट. बिघाड नेमका त्याच कोपऱ्यात व्हायचा. त्यांनी मान डोलावली. पटलं की कंटाळले, कोण जाणे.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आठवडाभर वायरमन काका शिडीवर आणि मी खाली. काका फार बोलतात. मला ताई म्हणतात, वयाने बापासारखे असून. आज खोल्यांमधले सेन्सर लागले, दारांचेही. जेवणाच्या सुट्टीत काकांनी बॅटऱ्यांचं कपाट उघडून दाखवलं, तर अर्ध्याअधिक बॅटऱ्या फुगलेल्या. वीज गेली असती तर सगळं एका दमात झोपलं असतं, आणि कुणालाही पत्ता नसता. मालकांना खाली नेऊन दाखवलं. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. नव्या बॅटऱ्या लगेच मागवल्या.

मला या कामात खरंच मजा येतेय.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

सगळं सुरू झालं. माझ्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर एकेका यंत्राची ओळ, सगळ्या हिरव्या. खालचे हमालसुद्धा येऊन बघून गेले.

एकच गंमत. नेटवर्कवर जे जे यंत्र आहे ते हा प्रोग्राम आपणहून शोधून काढतो. त्यात एक सेन्सर जास्तीचा निघाला. त्याला नाव नाही, आम्ही तो लावलेला नाही. तापमान सदतीस दाखवतोय. या इमारतीत सदतीस? बाहेर भर उन्हातही आज एवढं नसेल. काकांना म्हटलं, कुणाच्या तरी काखेत ठेवलेला दिसतोय. मला वाटलं ते हसतील.

नेटवर्कच्या केबली जिथे जोडतात त्या स्विचवर त्याची जागा शोधली. तिथे केबलच नाही. भोकात धूळ बसली आहे.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

ती ओळ पुसली. जेवून येईपर्यंत परत आली. पुन्हा पुसली, पुन्हा आली. सदतीसच. न वाढता, न उतरता.

मालकांना दाखवलं. ते पडद्याजवळ गेले आणि म्हणाले की नको ते काढून टाक, कामाचं तेवढं बघ. माझ्याकडे न बघताच बाहेर पडले.

संध्याकाळी काकांना धरलं. आधी उडवाउडवी केली, मग बसले. त्या रिकाम्या भोकातली केबल मागच्या कोल्ड रूमची होती. ती खोली बंद आहे, तिच्या दारापुढे रिकामी खोकी रचली आहेत. काही वर्षांपूर्वी, माझ्या आधी, या खुर्चीवर एक मुलगा होता. सुट्टीच्या दिवशी काहीतरी तपासायला आत गेला आणि दार लागलं. आतून उघडायचा दांडा तुटलेला, तशी तक्रार त्यानेच केली होती. आतलं धोक्याचं बटण त्याने दाबलं. ते चालू होतं. वर, याच खोलीत, लाल दिवा लागला.

काका म्हणाले, "दिवा दोन दिवस लागून होता, ताई. मशीनने तिचं काम केलं. बघायला कोणी नव्हतं."

त्याला बाहेर काढलं ते काकांनीच.

मी आईला हे सांगितलेलं नाही.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

मोठा माल येणार आहे, म्हणून मालकांनी मागची खोली उघडायला सांगितली. दारापुढची खोकी हलवली. कॉम्प्रेसर पहिल्या झटक्यात चालू झाला. इतकी वर्षं बंद असलेला.

दांडा अजून तुटलेलाच आहे. मी भांडले. तो बसल्याशिवाय आत कोणी जाणार नाही, असं सरळ सांगितलं. मालक म्हणाले, रविवारी काका येऊन बसवतील. काकांना दार धरायला लावून मी तिथे नवा सेन्सर लावला, दारालाही. बिघाडाचे निरोप माझ्या फोनवर येतात.

आत उभी असताना वाटलं की कोणीतरी श्वास धरून ठेवलाय.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

आता बिननावाच्या दोन ओळी. पहिली सदतीसवर, हलत नाही. दुसरीही सदतीसवरून सुरू होते आणि उतरत जाते. सावकाश. तळाला जाते, थांबते. मग पुन्हा पहिल्यापासून.

लोखंड असं थंड होत नाही. पाणीही नाही.

काकांना बोलावलं. त्यांना पडद्यावर एकही जास्तीची ओळ दिसली नाही. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

शनिवार, २३ नोव्हेंबर

सोमवारी राजीनामा देणार. आईशी बोलले. कारण नाही सांगितलं — तिनेही विचारलं नाही, फक्त जेवताना माझ्या शेजारी येऊन बसली. आज पडदा बंद केला होता. वायर काढून. पाठ वळवली आणि कपाटाच्या काचेत मागे हिरवा उजेड —

नाही लिहिवत.

रविवार, २४ नोव्हेंबर

दुपारी निरोप आला. मागची खोली. दार बंद. आत सदतीस.

काका दांडा बसवायला येणार होते. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. मालकांनीही नाही उचलला. पायांत चपला सरकवल्या आणि निघाले. त्या मुलाला कोणी बघायला आलं नव्हतं. काकांचं तसं नको व्हायला.

कंपनीत सामसूम. फाटकावर वॉचमन नाही. दार उघडलं, फटीत जड खोकं अडकवलं, हाका मारल्या. उत्तर नाही. रॅकच्या मागे पडले असतील म्हणून आत —

काका नाहीत. त्यांची पिशवी नाही. कोणीच नाही.

खोकं सरकलं. मी पाहिलं. कोणी ढकलल्यासारखं, अलगद. दार लागलं.

ही वही जॅकेटच्या खिशात होती. लिहीत राहते. बोटं हलती राहतील.

बटण दाबलं. दाबतेच आहे. वर दिवा लागला असेल. सेन्सर सांगत असेल, दार बंद, आत माणूस आहे. सगळं नीट चालू आहे. सगळं मीच लावलंय. आणि निरोप येतात माझ्याच फोनवर — एकट्या माझ्याच — फोन हातात आहे, या भिंतींतून रेंज येत नाही —

दुसऱ्या कुणाचा नंबर का नाही घातला मी. आईचा तरी

ओठ हलत नाहीत. दुसरी ओळ उतरत होती ती माझी. पण मग पहिली, न उतरणारी —

आई, मी कामावर आहे, उशीर झाला तर

पाठीवर हात. गार नाही. ऊबदार आहे. आणि तो मला दारापासून मागे —