आडनाव न विचारण्याचा नियम

५ जानेवारी, रविवार. दुपारी.
पहिली सभा जोरात झाली. अकरा जण. त्यातले दोघे मंडपवाल्याकडचे, खुर्च्या परत न्यायला आले होते. पण भाषण संपेपर्यंत उभे राहिले, म्हणून धरले.
कल्पना आमच्या मुलाची, कल्याणची. तो बोस्टनला असतो. तिथं युनिटेरियन नावाचे लोक आहेत. देव एक मानतात, पंथाची सक्ती नाही, बाकी ज्याचा त्याचा विवेक. दर रविवारी जमतात आणि सामाजिक न्याय, सगळ्यांना सामावून घेणं, रोजच्या जगण्यातली नीती यावर बोलतात. कल्याणनं रेकॉर्डिंग पाठवली. ऐकून वाटलं, हे तर मी मुख्याध्यापक असताना परिपाठाला रोज सांगत होतो. फरक इतकाच, की त्यांचे श्रोते बसून ऐकतात.
तर आता जुन्या जालन्यात, आमच्या अंगणात, दर रविवारी.
आज बोलता बोलता भरात आलो आणि एक नियम जाहीर केला. या अंगणात कोणी कोणाचं आडनाव विचारायचं नाही. नुसतं नाव, पुढं ताई किंवा भाऊ. प्रचंड टाळ्या. शेजारचे गोपीकिशन (कापडाचं दुकान, कांदासुद्धा खात नाहीत) म्हणाले, एकदम बराबर, सर.
संकल्प: नियम फक्त अंगणापुरता नाही. जन्मभर.

८ जानेवारी.
खालची खोली रिकामी आहे. आज दैवशालाताई विचारायला आल्या. रविवारी पहिल्या रांगेत होत्या. इथल्या एका दवाखान्यात नर्स आहेत. आई अंबडला. आईचं आठवड्यातून दोनदा इथं जालन्यात डायलिसिस, एसटीनं येणं-जाणं. परतताना म्हातारी बसमध्येच आडवी होते म्हणे. जिना चढवत नाही, आणि तळमजल्याची खोली कुठं मिळत नाही.
माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणालो, ताई, खोली तुमचीच समजा.

८ जानेवारी. रात्री जेवणानंतर.
एक बारीकशी गोष्ट. दैवशालाताईंचं पूर्ण नाव विचारायचं राहिलं.
मला स्वतःला काही फरक पडत नाही. केवळ माहिती असावी म्हणून. पण विचारणार कसं? नियम माझाच. गोपीकिशनसारखे साक्षीदार.
उद्या फोन करून सांगतो, रंग द्यायचाय, चार दिवस थांबा.

१० जानेवारी.
अंतरवाली सराटीहून अण्णासाहेबांचा फोन. थोरले बंधू, बातमी आधी त्यांना लागते. खोली कोणाला देतोस, म्हणाले. दैवशालाताईंना, म्हणालो. कोणाची हाय, म्हणाले. म्हणालो, आमच्या सभेत तसं विचारत नाहीत. मग म्हणाले, ‘तुझी सभा राहू दे तिकडं. इथं लोकं मला विचारून राह्यलेत, आकांक्षाचं जमवायचंय का न्हाई?’
आकांक्षा म्हणजे माझी मुलगी. पुण्यात नोकरी करते आणि स्थळाचा विषय काढला की फोन कट करते. तरी बापाला विचार करावा लागतो.
रंगवाल्याला खरंच बोलावलं. पिस्ता कलर.

१२ जानेवारी, रविवार.
भाषण: ‘आपलं दार उघडं ठेवा’. विषय आधीच व्हॉट्सॲपवर गेल्ता, बदलता आला नाही. दैवशालाताई सारख्या माझ्याकडे बघत होत्या. घाम आला. जानेवारीत.
नंतर चहाच्या वेळी सहज चौकशी केली. नियमात बसवून. गावात घर कुठल्या अंगाला? म्हणाल्या, ‘एसटी थांबती त्याच्या समोर, सर.’ यातून काहीच कळत नाही, एसटी कुठंही थांबते. कुलदैवत? ‘आईला विचारून सांगते.’ भोगीला घरी काय करता? ‘भाजी-भाकरी.’ मामा कुठले? ‘मामा न्हाईत.’
तल्लख बाई. उत्तर देते आणि काहीच देत नाही.

१५ जानेवारी.
दैवशालाताईंचा फोन. रंग वाळला का. म्हणालो, दुसरा हात बाकी आहे. मग तोंडातून एक वाक्य गेलं. म्हणालो, माझी काहीच हरकत नाही हो, पण घरच्यांचं मन वळवायला थोडा वेळ लागतोय.
घरचे म्हणजे ज्योत्स्ना, माझी बायको. दुसरं घरी आहे कोण?
खोटं म्हणता येणार नाही. ज्योत्स्नाला मी अजून विचारलेलंच नाही, त्यामुळं तिचं मन वळलेलं नाही, हे शब्दशः खरं आहे.

१९ जानेवारी, रविवार.
भाषण: ‘सबुरी: एक विसरलेलं मूल्य’. आठ जण.
संध्याकाळी ज्योत्स्नाचं हळदीकुंकू. दैवशालाताईंना आग्रहानं बोलवायला लावलं. माझा हिशोब असा, की बायकांना माझा नियम लागू नाही. कोणीतरी विचारेलच. शिवाय नाव घ्यायला लावतात, उखाण्यात सासर बाहेर येतं.
मी आतल्या खोलीत दाराला कान लावून. पाय आखडला. तीळगूळ वाटेपर्यंत कळलं ते एवढंच, की दैवशालाताईंचं लग्न झालेलं नाही.
नंतर दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत होत्या. मिक्सर चालू होता. ऐकू आलं नाही.

२३ जानेवारी.
पिस्ता कलर डोळ्यांवर येतो. क्रीम सांगितला. रंगवाला म्हणाला, ‘सर, एवढा रंग तर मंगल कार्यालयाला न्हाई लागत.’
आज गल्लीत दैवशालाताई समोरून येताना दिसल्या. मी चप्पल घ्यायला दुकानात शिरलो. चपलेची गरज होतीच.
खरं लिहायचं तर मला झोप नाही. हो म्हणावं तर अण्णासाहेब. नाही म्हणावं तर रविवारी त्याच अंगणात उभं राहून काय बोलू? शाळेत बरं होतं, परिपाठ संपला की घंटा व्हायची.

२६ जानेवारी, रविवार.
झेंडावंदनानंतर सभा. विषय: ‘घाईचे दुष्परिणाम’. पाच जण. दैवशालाताई नव्हत्या. डायलिसिस असेल.
संकल्प: पुढच्या आठवड्यात निर्णय. नक्की.

३० जानेवारी.
सकाळी गल्लीत टेम्पो. गादी, गॅसची शेगडी, एक पंखा. दैवशालाताई गोपीकिशनच्या माडीवर राहायला आल्या. वीस पायऱ्यांचा उभा जिना. गोपीकिशन आणि त्यांचा मुलगा अमन, दोघांनी म्हातारीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. मधल्या वळणावर थांबले तेव्हा ती डोळे मिटून कठडा धरून होती. हे आता दर वेळी, चढताना आणि उतरताना.
मी खिडकीत होतो. मदतीला जाणार होतो. तोवर ती वर पोचली.
गोपीकिशनला विचारलं, आधी काही विचारपूस केलीत का? म्हणाले, ‘केली जी, सर. मांस-मच्छी नहीं चलेगी बोललो. चालंल म्हणाल्या. खतम.’

३१ जानेवारी. संध्याकाळी.
ज्योत्स्ना त्यांच्याकडे डबा घेऊन गेल्ती. परत आली ती चप्पल न काढता समोर उभी राहिली. म्हणाली, त्या म्हातारीनं माझा हात धरला आणि म्हणाली, ‘बाई, भिडंपोटी हो म्हणलात, मन न्हाई वळलं तरी आमचा राग न्हाई.’ माझं मन कधी वळवलंत तुम्ही?
मी संदर्भ सांगू लागलो. तिनं ऐकलं नाही. म्हणाली, हळदीकुंकवालाच मी दैवशालाला सरळ आडनाव विचारलं, तिनं सरळ सांगितलं, आणि मी म्हणलं, रंग वाळला की आईला घेऊन ये. ‘मी वाट बघून राह्यले, आणि तुम्ही माझ्या नावावर खपवून राह्यलेत.’
मग तिनं आपली गादी, उशी, चष्मा, गोळ्या उचलल्या आणि खालच्या खोलीत गेली. आता तिथंच राहणार म्हणे. रंग चांगला झालाय म्हणाली.
मी दारापाशी जाऊन हाक मारली. चुकलं म्हणालो. थोडं थांबून म्हणालो, बरं, निदान ते आडनाव तरी सांग.
तिनं आतून कडी लावली.