सदोष यंत्राबाबत

सोमवार, २८ ऑक्टोबर

वस्तुस्थिती क्रमाने लिहिते. प्रथम : रक्तदाब मोजण्याचे यंत्र मी साकोलीहून आणले ते यजमान जागेश्वरांसाठी; भातासोबत मिठाचा खडा चावणारे, रात्रभर घोरणारे आणि डॉक्टरचे नाव काढताच बांधीकडे, भाताच्या शेताकडे, निघणारे या घरात तेच एक. दुसरे : ठोके अनियमित असल्यास पडद्यावर लहानसे नागमोडी हृदय उमटते, असे माहितीपत्रकात आहे. तिसरे : ते त्यांच्या वेळी उमटले. चौथे : ते माझ्याही वेळी उमटले!

चौथ्यामुळे तिसरे बाद ठरते. मी रोज चालते, मोजके खाते, आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले. रक्ताचे नाते नसलेल्या, एकाच घरातील दोघांच्या हृदयाची लय एकदमच बिघडण्याची शक्यता किती? दोन लहान अपूर्णांकांचा गुणाकार — नगण्य. निष्कर्ष : यंत्र सदोष.

कंपनीला ई-मेलने तक्रार धाडली. शेवटचे वाक्य : ‘लेखी उत्तर द्यावे.’ जागेश्वर खांद्यावरून वाचत होते. "एवढी कडक! बरं झालं, लग्नाच्या वेळी मले लेखी उत्तर नाई मांगलं."

बुधवार, ३० ऑक्टोबर

जागेश्वर म्हणतात, "छातीत पाखरू फडफडून राह्यल्यावानी वाटते." पाखरू नव्हे, पित्त — कालची भजी. तसे सांगितले.

रविवार, ३ नोव्हेंबर

नणंद जिजा आंधळगावहून आली, भाऊबीज आणि मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, दोन्ही साधून. आमच्या गावची मंडई परवा. रात्रभर दंडार, गाण्या-नाचाचे लोकनाट्य, त्यात अडुसष्टाव्या वर्षीही जागेश्वर गाणार! मोहाची थोडी घेतल्याशिवाय गळा सुटत नाही म्हणे. याला मी कला म्हणत नाही.

जिजाने हौसेने पट्टा बांधून घेतला. नागमोडी हृदय नाही. "पाहा वैनी, मशीन मले पाहून लाजली!" मग शेजारच्या बायका जमल्या. एकीच्याही वेळी नाही. सर्वांसमोर मी बांधला — उमटले. "वैनीवरच कायले डूख धरला हिनं?" सगळ्या हसल्या.

सदोष यंत्र इतरांच्या वेळी निर्दोष कसे?

सोमवार, ४ नोव्हेंबर

भंडाऱ्याला गेले. एकटीच. ईसीजी काढला. एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बिघडलेली लय. मला! मला तर काहीही जाणवत नाही!

"पुष्कळांना जाणवत नाही, मॅडम, हीच तर अडचण," डॉक्टर म्हणाले. वयाने माझ्या विद्यार्थ्याएवढे. मी आकडे मागितले. पाश्चात्त्य पाहण्यांनुसार साठीनंतर प्रमाण झपाट्याने वाढते. ऐंशीच्या पुढे साधारण दहांत एकाला. आपल्याकडे मोजणीच अपुरी. कोणाला धोका अधिक? उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलता, थायरॉइड, लहानपणीच्या सांधेतापाने बिघडलेली झडप, दारू, घोरताना श्वास अडकणे. हृदयात रक्त साकळते, गाठ मेंदूत जाते, लकवा मारतो. म्हणून रक्त पातळ ठेवण्याची गोळी.

माझा गुणाकार त्यांना ऐकवला. ते हसले नाहीत. "गुणाकार स्वतंत्र घटनांचा ना, मॅडम? तुम्हा दोघांचं वय सारखं, रक्तदाब दोघांनाही, घरातलं लोणचं एक. यजमानांना उद्याच आणा."

गुणाकार स्वतंत्र घटनांचा — हे वाक्य मी प्रथम वर्षाच्या वर्गाला दरवर्षी सांगत असे.

घरी येऊन सर्व सांगितले. जागेश्वर म्हणाले, "पर मशीन खराब होती ना? तूच तं गावभर सांगतलं!" मी म्हणाले, माझे चुकले, यंत्र बरोबर आहे, उद्या सकाळी निघायचे. "उद्या मंडई हाय. परवा जाऊ." जिजाही त्यांच्या बाजूने : "वर्साची एक मंडई, वैनी. गाऊ द्या दादाले."

नाही म्हणजे नाही, असे मी बजावले. "लेखी दे," ते डोळे मिचकावून म्हणाले. दिले — सकारण, स्वाक्षरीसह. त्या कागदाची त्यांनी पुडी केली आणि तीत सुपारी बांधली.

बुधवार, ६ नोव्हेंबर. भंडारा, रुग्णालय

पहाटे जागेश्वर दंडारीहून आले. चहा मागितला. पहिलाच घोट ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर ओघळला. डावा हात उचलेना. जिजा म्हणाली, "रातभर गायला, थकला असन. निजू द्या."

निजू दिले नाही. गाडी बोलावली. वाटेत ते माझ्याकडे पाहून काही सांगत होते. एकही शब्द शब्दासारखा नव्हता. मेंदूत गाठ. त्यांच्या ईसीजीवर तीच लय — माझ्या कागदाशेजारी ठेवला तर कोणता कोणाचा, मलाही सांगता येऊ नये.

काल काहून जाऊ दिले मी? काहून! लिहितानाही त्यांचाच शब्द आला.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

कंपनीचे लेखी उत्तर आले. ‘सदर चिन्ह हे यंत्रातील दोषाचे लक्षण नाही. वारंवार दिसल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.’ भाषा अचूक. एकही चूक काढता आली नाही.

रविवार, १० नोव्हेंबर

त्यांना सर्व समजते. उजवा हात शाबूत आहे. जीभ वळत नाही. कदाचित वळेल, हळूहळू. आज त्यांच्या मुठीत पेन्सिल दिली, मांडीवर या रोजनिशीचेच पान ठेवले आणि वर लिहिले :

जागेश्वर, पाखरू आता कसे आहे? माझ्यावर रागावला आहात का? लेखी उत्तर द्यावे.