दोन बाटल्यांचा तळ

ता. ४ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या दोन्ही बाटल्या न फुटता पोहोचल्या, उत्तराला मात्र उशीर झाला. ज्या घरात दोन्ही वेळा जप होतो, तिथल्या कपाटात दारू! देवाकडे पाठ करून ठेवल्या आहेत. हसू नकोस.

यांचं तुला ठाऊकच आहे. हॉटेलच्या बारमध्ये नवख्या गिऱ्हाइकांना सिंगल माल्ट व्हिस्की कशी हुंगावी, कशी चाखावी ते शिकवायचं, एवढीच यांची विद्या. त्या तापाने नाक गेलं आणि विद्याही बसली. पावसाळ्याअखेर वास आला नाही तर आशा सोडा, असं डॉक्टर म्हणाले. मॅनेजर चौदा तारखेला परीक्षा घेणार. वास कळला तर नोकरी, नाहीतर कायमची रजा.

रोज जेवणाआधी निमुळत्या तोंडाचा पेला घेतात, बोटभर ओततात, वर थेंबभर पाणी. नाक आत खुपसायचं नाही, ओठ किंचित उघडे ठेवायचे म्हणे. इतके दिवस चेहरा कोमट पाणी प्यायल्यासारखा असायचा. आणि काल एकदम म्हणाले, पेअर आला! पिकलेल्या नासपतीचा वास, मागून मध. मी देवापुढे साखर ठेवली. दारूसाठी साखर ठेवणारी बाई मीच पहिली असेन.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, त्याला ओहोटी लागू देऊ नकोस.

तुझी,
चिमी


ता. ९ ऑगस्ट

चि. सौ. चिमीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून विमानतळावरच्या आमच्या दुकानातच टाळी वाजवली. समोरचं गिऱ्हाईक दचकलं. तुझी वहिनी म्हणते, चिमीने ठेवलेली साखर मुंगीलासुद्धा पुरली नसेल.

मेहुण्यांना म्हणावं, घाई नको. मधूनमधून स्वतःचं मनगट हुंगावं, नाकाला विसावा मिळतो. दोन्ही बाटल्या पहिल्या पायरीच्याच आहेत, पण पहिली पायरी चुकली की जिना चुकला. एक गोड, फळाची. दुसरीचं धान्य दलदलीतल्या जळाऊ मातीच्या धुरावर सुकवतात, तिचा वास भिंतीलाही कळेल. खरी कसोटी तीच. ती ओळखली की मला कळव, मी रजा टाकून येतो.

इकडे सर्व ठीक. पत्रात खंड नसावा, मायेत तर नसतोच.

तुझा,
दादा


ता. १४ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं, पण माझ्या हातून भलतंच होऊन बसलं. दोन्ही बाटल्यांच्या तळाशी थोडी थोडी उरली होती. दोन डब्यांतला तळचा चहा एक करते, तशी मी धुराची त्या गोड बाटलीत ओतली आणि रिकामी बाटली तेलासाठी विसळून ठेवली. ओततानाच जळक्या दोरीसारखा वास घरभर झाला.

काल दुपारी यांनी तीच बाटली काढली. पेला फिरवला, डोळे मिटले. म्हणाले, पेअर. मग मध, शेवटी व्हॅनिला. अगं, आज तर अगदी स्वच्छ लागतंय, असंही म्हणाले. मी गॅसपाशी होते, तिथवर धूर येत होता.

खोटं बोलत नव्हते रे. इतकी वर्षं लोकांना जे सांगितलं, तेच लेबल बघून मनात उमटत होतं. नंतर शीळ घालत स्वतःच शर्टाला इस्त्री केली. मी जपाला बसले, मणी पुढे सरकेना. गप्प राहावं तर तिथे परीक्षेत चार माणसांसमोर धुराचा पेला ठेवतील आणि हे पेअर म्हणतील. बोलावं तर घरातच माणूस मोडायचा. शेवटी आज निघताना सांगितलं.

एक बूट घालून झाला होता. तसेच उठले, पेला भरला आणि माझ्या हातात दिला. मी जन्मात पहिल्यांदा जिभेला लावली. काय येतंय विचारलं. धूर, म्हटलं. कितपत, म्हणाले. डोळ्यांत पाणी येईल इतका, म्हटलं. मग त्यांनी पुन्हा नाक लावलं. बराच वेळ. म्हणाले, मला खरंच पेअर आला होता गं.

मॅनेजरना फोन करून येत नाही म्हणून कळवलं. बूट काढून कपाटात ठेवले.

बाटल्या आता पाठवू नकोस. तुझ्या ओळखीत गोदामात, दारावर, कुठेही, नाकावाचून भागेल असं काम असलं तर लिही.

काही चुकलं असेल तर पदरात घे आणि लोभ धरून राहा.

तुझी,
चिमी