सातव्या सेटची हजेरी

३ तारीख, सोमवार

आलो एकदाचा. ताईने दारातच पिशवी हिसकावून घेतली आणि मी वाळलोय असं जाहीर केलं. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं, त्यामुळे माझं वजन हा तिचा हक्काचा विषय आहे. वरची खोली दिलीय. खिडकीतून थेट बोगद्याचं काम दिसतं. भाऊजी तिथे मुकादम आहेत, त्यांनीच शब्द टाकला म्हणून मला वायरलेस दुरुस्तीची नोकरी लागली. आधीच्या मेकॅनिकला सगळे चष्मेवाला म्हणायचे. तो याच खोलीत राहायचा. सहा महिन्यांपूर्वी कुणाला न सांगता निघून गेला म्हणे. जाईना का, माझं भलं झालं.

४ तारीख

ताईने दोन डबे भरले, एक भाऊजींचा, एक माझा. माझा मोठा.

वायरलेसची खोली पत्र्याची, बोगद्याच्या तोंडाशी. तिथल्या मोठ्या सेटवर काकू बसतात, सगळ्या कामगारांच्याच काकू. हातातले सेट बारा, पैकी सात नंबरचा हरवलेला. माझा नंबर बारा. तक्रारींची यादी मारुतीच्या शेपटीएवढी निघाली. एकाच्या माइकच्या भोकांत सिमेंट, दुसऱ्याची एरियल सैल, तिसऱ्याने सेट चहात बुडवलेला आणि वर तोच माझ्यावर रागावलेला.

सुरुंगाआधी काकू एकेक नंबर पुकारतात. प्रत्येकाने बाहेर येऊन सेटवर हजर म्हणायचं, सगळे हजर झाले की मगच तीन भोंगे, आणि तिसऱ्यापाठोपाठ सुरुंग. पण ही मंडळी बटण दाबायच्या आधीच तोंड उघडतात, त्यामुळे पहिलं अक्षर जातच नाही. हजेरीला सगळीकडून नुसतं जर, जर, जर. मी शिकवलं: दाबा, मनात एक म्हणा, मग बोला. दुपारपर्यंत सगळे सुधारले, भाऊजी सोडून. काकू म्हणाल्या, वीस वर्षं ते असेच जर आहेत.

भाऊजींच्या सेटवर ऐकू यायचं, पण बोलणं जायचं नाही. त्यांना समजावलं, ऐकायला वीज थोडी लागते, बोलायला भरपूर. मेलेली बॅटरी दिवसभर ऐकवते आणि बटण दाबलं की मान टाकते. त्यांनी दोनदा विचारून नीट समजून घेतलं. शिकायची हौस आहे माणसाला.

६ तारीख

सव्वाअकराला मोठ्या सेटचा लाल दिवा लागला. म्हणजे कुणीतरी बटण दाबून धरलंय, पण बोलत कुणीच नाही. एकाचं बटण अडकलं की बाकी सगळ्यांची तोंडं बंद. मी अकराही सेट गोळा करून टेबलावर मांडले, बॅटऱ्या काढल्या. दिवा तसाच. मग खरखरीतून बारीक आवाज आला, चारशे. आणि दिवा विझला.

काकू म्हणाल्या, चष्मेवाला अशीच तपासणी करायचा. आत चालत जायचा आणि दर पन्नास पावलांना बटण दाबून आकडा सांगायचा. मीही तसंच करतो, सगळेच करतात. काकू मात्र चहा तसाच टाकून दिव्याकडे पाठ करून बसल्या.

७ तारीख

सव्वाअकरा. साडेतीनशे.

भाऊजी म्हणाले, शेजारच्या कामावरचा कुणाचा तरी सेट असेल. असेलही.

८ तारीख

तीनशे. आकडा कमी होतोय. म्हणजे चालणारा बाहेर येतोय.

कपाटाच्या वरच्या फळीवर मागे एक बॅग सापडली. कपडे, दाढीचं सामान, चष्मेवाल्याची सगळी प्रमाणपत्रं. नोकरी सोडणारा माणूस प्रमाणपत्रं ठेवून जात नाही.

१० तारीख, सोमवार

दोनशे. काल सुट्टी होती, पण त्याने घेतली नाही.

मोठ्या सेटवरचं सगळं बोलणं साठवलेलं असतं. सहा महिन्यांपूर्वीचा, चष्मेवाल्याचा शेवटचा दिवस काढून ऐकला. तो बोगद्याच्या डाव्या फाट्यात तपासणी करतोय. पन्नास, शंभर, करत करत चारशे. पुढे नुसती खरखर, तिथून त्याचा आवाज पोचेना. मग हजेरी. काकू सात पुकारतात, म्हणजे त्याचा नंबर. उत्तर येतं, जर.

आवाज भाऊजींचा. तीन वेळा ऐकला. सुरुंगाला उशीर नको म्हणून त्यांनी आत असलेल्या माणसाची हजेरी लावली. त्याच सुरुंगाने डावा फाटा ढासळला. काकू शेजारीच होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

११ तारीख

दीडशे.

ताईला सगळं सांगितलं. माझं दुसरं आहे कोण? ती रडली. म्हणाली, कुणापाशी बोलू नकोस, मी बघते. संध्याकाळी तीच निरोप घेऊन वर आली. भाऊजी पोलिसांत जायला कबूल झालेत, पण आधी सातवा सेट हाती यायला हवा. दरडीच्या कडेला पडला असेल, उद्या तू घेऊन ये, तोवर ते सुरुंग थांबवतील. घरची गोष्ट आहे, म्हणाली, आणि माझ्या केसांतून हात फिरवला. मी हो म्हटलं.

१२ तारीख, सकाळ

ताई माझा डबा भरायला विसरली. डोळे सुजलेत तिचे. मीही आठवण करून दिली नाही. भाऊजींनी स्वतः माझ्या सेटला बॅटरी घालून दिली.

१०.५०

डाव्या फाट्यात शंभर पावलांवर दरड आहे. तिथे बसून लिहितोय, टोपीच्या दिव्यावर. सेट सापडत नाही. मागे फाट्याच्या तोंडाचं जाळीचं दार वाजल्यासारखं वाटलं.

११.००

दाराला कुलूप. बाहेर यंत्रांची घरघर, ओरडून घसा बसला. दाराच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून दारू भरलीय, तारा लोंबतायत, येताना अंधारात दिसल्या नाहीत. फाट्याचं तोंड बुजवणार आहेत. परत दरडीपाशी पळालो —

सेटवर सगळं ऐकू येतंय. बटण दाबलं की मान टाकतो. सोडलं की पुन्हा ऐकू येतं. मीच शिकवलं त्यांना. मीच —

ताई डबा विसरली नव्हती.

केसाने गळा कापलास गं. ज्या हाताने भरवलंस त्याच —

११.१२

हजेरी चालू. नऊ. दहा. अकरा. काकू माझा नंबर पुकारतायत. काकू, मी आत आहे. काकू, तुम्हाला ओळखू येतो तो आवाज, तुम्हाला येतो —

जर.

काकू म्हणाल्या, सगळे हजर.

पहिला भोंगा.

११.१५

शंभर. सेटवर नाही. इथे, कानाशी. दगडांतून एक हात बाहेर आलाय, धुळीने पांढरा. हातात सेट. सात नंबर. त्याचा लाल दिवा लागून विझला, म्हणजे यातून बोलणं जातंय.

दुसरा भोंगा.

तो हात सेट माझ्यापुढे धरतोय. बोटं बटणावरून हलत नाहीत, मनगट माझ्याकडे वळतंय. मला बोलायचं तर त्या बोटांवरच हात ठेवून दाबावं लागेल, मनात एक म्हणावं लागेल आणि मग —